तोतया कर्मिट: मपेट्सच्या एका अपेक्षाभंगाचा इतिहास

१/ २१ मार्च २०१४ रोजी अमेरिकेत ‘मपेट्स मोस्ट वॉन्टेड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. कर्मिट नावाचा हिरवा बेडूक आणि त्याची बाहुल्यांची नाटकमंडळी यांचा हा नवा खेळ. २०११ च्या ‘द मपेट्स’ने जगभरात १६ कोटी डॉलरहून अधिक मिळवले होते, या चित्रपटाची मजल सुमारे ८ कोटींपर्यंतच गेली. आकडे पडले, त्याहून अधिक खोलवर जुन्या चाहत्यांचे मन पडले. एका बाहुलीपटाने माणसे इतकी का दुखावतात? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/ आरंभ १९५५ चा. जिम हेन्सन तेव्हा अठरा वर्षांचे होते. वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा त्यांचा छोटा कार्यक्रम सुरू झाला. त्यातील कर्मिट आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या अर्ध्या कापलेल्या चेंडूच्या डोळ्यांतून घडला होता. तो अद्याप बेडूकही नव्हता. सरड्यासारखा कोणी प्राणी होता.

३/ हेन्सन यांची खरी क्रांती रंगमंचाची होती. बाहुलीच्या खेळाला चौकट लागते आणि तिच्याआड सूत्रधार लपतो. हेन्सन यांनी ती चौकटच काढून टाकली. दूरचित्रवाणीचा पडदा हाच रंगमंच मानला. कलावंत कॅमेऱ्याच्या कक्षेखाली हात उंचावून उभा राहतो आणि समोरच्या मॉनिटरवर आपल्याच बाहुलीचा अभिनय पाहत राहतो. मऊ चेहऱ्यामुळे बोटांची बारीकशी हालचालही भाव होऊन उमटते. म्हणूनच मपेट म्हणजे केवळ कापड नाही. ते एका विशिष्ट हाताचे व विशिष्ट आवाजाचे व्यक्तिमत्त्व आहे. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीतून उलगडतो.

४/ अमेरिकी वाहिन्यांनी नाकारलेला ‘द मपेट शो’ ब्रिटनमध्ये लू ग्रेड यांच्या आश्रयाने उभा राहिला. १९७६ ते १९८१ या काळात त्याचे १२० भाग झाले. १९७९ मध्ये पहिला चित्रपट ‘द मपेट मूव्ही’ आला. त्यात कर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून बँजो वाजवतो. त्या दृश्यासाठी हेन्सन पाण्याखालच्या एका बंद टाकीत बसले होते.

५/ त्या चित्रपटाच्या कथेत एक उपाहारगृहवाला कर्मिटच्या मागे लागतो. बेडकांच्या तंगड्या विकण्यासाठी त्याला जाहिरातीचा चेहरा म्हणून कर्मिट हवा असतो. कर्मिट नकार देतो. धंद्याने कितीही मोठे आमिष दाखवले तरी स्वजनांना विकायचे नाही, हा या मंडळीचा जणू पहिला करार होय. प्रेक्षकांनी तो मनात जपून ठेवला.

६/ १६ मे १९९० रोजी हेन्सन अवघ्या ५३ व्या वर्षी निवर्तले. कर्मिटचा हात आणि आवाज स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला. १९९२ च्या ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’चे दिग्दर्शन हेन्सन यांचे पुत्र ब्रायन यांनी केले. तिकीटबारीवर तो सामान्यच ठरला. आज तो अनेक घरांत दर नाताळला पाहिला जातो. १९९९ चा ‘मपेट्स फ्रॉम स्पेस’ मात्र पडला, आणि त्याला तशी दुसरी संधी मिळाली नाही. नव्या गीतांऐवजी त्यात बहुतांशी जुनीच लोकप्रिय गाणी वापरली होती.

७/ २००४ मध्ये डिस्नेने मपेट्स विकत घेतले. २०११ चा चित्रपट पुनर्मीलनाचा होता: विखुरलेली मंडळी आपले जुने नाट्यगृह वाचवण्यासाठी एकत्र येते. त्यातील एका गीताला ऑस्कर मिळाले. हरवलेले घर परत मिळाल्याची भावना प्रेक्षकांत होती. २०१४ च्या चित्रपटाकडे लोक त्याच आशेने गेले.

८/ आणि कथा काय निघाली? कॉन्स्टंटाइन नावाचा अट्टल गुन्हेगार हुबेहूब कर्मिटसारखा दिसतो; फरक गालावरच्या तिळाचा. तो कर्मिटला सैबेरियातील तुरुंगात धाडतो आणि स्वतः मंडळीचा म्होरक्या होतो. जवळचे मित्र बराच काळ त्याला ओळखत नाहीत. कारण हा नवा म्होरक्या कोणाला ‘नाही’ म्हणत नाही. ज्याला जे हवे ते करू देतो.

९/ मराठी वाचकाला येथे भाऊसाहेबांचा तोतया आठवल्यावाचून राहणार नाही. सदाशिवरावभाऊ १७६१ मध्ये पानिपतावर पडले. तरी त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने कोकणात फौज जमवली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. तोतया केवळ चेहऱ्याच्या साम्यावर चालत नाही. गेलेला माणूस परत यावा, ही लोकांची आस त्याला चालवते.

१०/ मपेट्सचे चाहते नेमके याच आशेवर जगत होते. चित्रपटाने त्यांच्या मनातील भीती अचूक ओळखली: बाहुली तीच, आतला हात दुसरा. परंतु तिला सामोरे न जाता त्याने तिचा विनोद केला. आरंभीच्या गाण्यातच दुसरे भाग पहिल्याइतके चांगले नसतात, असे हसत सांगून टाकले. आपली उणीव आपणच आधी बोलून दाखवली म्हणजे ती भरून निघते असे नाही. चित्रपटात गंमत आहे, गाणीही चांगली आहेत. पण मंडळी कर्मिटला मुकली याचे दुःख पडद्यावर क्षणभरच टिकते.

११/ इतिहासाचा उपरोध त्यापुढचा आहे. कॉन्स्टंटाइन साकारणारे कलावंत मॅट व्होगेल होते. २०१७ मध्ये व्हिटमायर यांना दूर केल्याचे जाहीर झाले आणि कर्मिटची भूमिका व्होगेल यांच्याकडेच आली. जो हात तोतयाचा होता, तोच वारस ठरला. यात व्होगेल यांचा दोष काहीच नाही. परंपरा अशाच हातांतून पुढे जाते. व्हिटमायर यांनाही १९९० नंतर अनेकांनी परकेच मानले असेल.

१२/ म्हणून चाहत्यांची निराशा हा पोरकटपणा समजू नये. ते एक प्रकारचे साधन आहे: लोकांनी मूळ कृतीत काय जपले होते, ते त्यातून कळते. १९७९ च्या कर्मिटने ‘नाही’ म्हटले होते, आणि २०१४ च्या तोतयाने सर्वांना ‘हो’ म्हटले. वारसा हक्काच्या कागदाने विकत घेता येतो. तो ‘नाही’ मात्र प्रत्येक नव्या हाताला स्वतः शिकावा लागतो.

तुम्हाला असा चटका कोणत्या पुढच्या भागाने दिला, आणि त्यात नेमके काय हरवले होते? अवश्य लिहा.