मिरी काळी कशी झाली?

१/८
सेव्हिलचा बिशप इसिडोर याने सातव्या शतकात रचलेल्या कोशात मिरीची एक कथा आहे. हिंदुस्थानातील मिरीच्या वनांवर सर्पांचा पहारा असतो. फळे पिकली की तेथील लोक रानाला आग लावतात, सर्प पळतात आणि मूळची पांढरी मिरी ज्वाळांनी काळी पडते.

२/८
युरोपला मिरी तेव्हा नवखी नव्हती. इ.स. ४०८ मध्ये रोमला वेढा घालणाऱ्या अलारिकने खंडणीत सोन्यारुप्यासोबत ३००० पौंड मिरी घेतली होती. जिन्नस ओळखीचा होता. त्याची वेल मात्र खाणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी पाहिली होती.

३/८
ही वेल मूळची पश्चिम घाटातली. मलबारात जूनच्या पावसाबरोबर तिच्या जमिनीलगतच्या फुटव्यांच्या छाटण्या पांगारा, आंबा, फणस किंवा पोफळीच्या पायथ्याशी लावतात. पेरापेराला फुटणाऱ्या मुळांनी झाडाला बिलगत ती वर चढते. पहिले पीक हाती येण्यास साधारण तीन वर्षे लागतात.

४/८
फुलोरा येतो तोही पावसाळ्यातच. लोंबत्या तुऱ्यावर परागकण पसरण्यास पावसाच्या थेंबांची मदत होते. ऐन बहरात पावसाने ओढ दिली तर घोस विरळ भरतात. पाणी साचून राहिले तर मुळे कुजून उभी वेल मरते. वर्षाचे उत्पन्न या दोन्हींमधल्या पावसावर अवलंबून असते.

५/८
सहा ते आठ महिन्यांनी तोडणी. घोसातील एखाद-दुसरा दाणा तांबूस झाला की अख्खा घोस खुडायचा. उशीर झाला तर पिकले दाणे गळतात, पाखरे खातात. घाई केली तर दाणा पोकळ राहतो. उंच चढलेल्या वेलीला शिडी लावून प्रत्येक घोस हाताने तोडावा लागतो.

६/८
घोस मळून मोकळे केलेले हिरवे दाणे काही दिवस उन्हात वाळवतात. सालीतील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन ती काळवंडते आणि सुरकुतते. १०० किलो हिरव्या दाण्यांची सुमारे ३३ किलो काळी मिरी होते. पिकलेले दाणे पाण्यात भिजवून साल काढली की त्याच वेलीची पांढरी मिरी मिळते. आगीचा संबंध कोठेच नाही.

७/८
चौदाव्या शतकात मलबारात आलेल्या इब्न बतूताने हे पाहून लिहिले. आपल्या देशातील लोक मिरी भाजलेली समजतात. पण ती केवळ उन्हाने सुरकुतते, असे त्याने नोंदवले. त्याच शतकात कोल्लमला राहिलेल्या मारिन्योली या ख्रिस्ती धर्मप्रचारकानेही सांगितले की मिरी भाजत नाहीत, आणि ती रानात नव्हे, बागांत पिकते.

८/८
हा शेवटचा भेद क्षुल्लक नाही. आगीच्या कथेत मिरी रानाची आहे, आणि रान कोणाच्या मालकीचे नसते. बागेला मात्र मालक असतो, तिथे राबणारे हात असतात. मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतजवळ उतरला. त्यानंतर तोफा आणि परवाने यांच्या बळावर पोर्तुगिजांनी मिरीच्या व्यापारावर मक्तेदारीचा दावा सांगितला. समुद्रावरचा मार्ग त्यांना अडवता आला. पण जूनमध्ये छाटणी लावणारे आणि पौषात शिडीवर चढणारे हात मलबारचेच राहिले.