गोळी दिली का, आणि गोळी का दिली?

आजचा विषय औषधांचा आहे, पण औषधशास्त्राचा नाही, इतिहासाचा आहे. वृद्धाश्रमात सकाळी आठ वाजता कुणीतरी एका आजींच्या हातावर चार गोळ्या ठेवतं, पाण्याचा पेला देतं आणि कागदावर खूण करतं. ही इतकी साधी कृती आजच्या रूपात कशी आली, ती सुरक्षित व्हावी म्हणून कोणी काय केलं आणि त्यात नेमकं काय निसटलं, हे आपण इंग्लंडच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

इंग्लंडच का, असं तुम्ही विचाराल. तर तिथे या गोष्टीच्या नोंदी राहिल्या, पाहण्या झाल्या आणि चुका मोजून जाहीरपणे छापल्या गेल्या. चुका सगळीकडेच होतात, पण मोजल्या फार थोड्या ठिकाणी जातात. दुसरं कारण आपल्या जवळचं आहे, ते ओघात येईलच.

सुरुवात वर्कहाउसपासून करावी लागते. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानंतर ज्याला कोणी नाही आणि ज्याच्याकडे काही नाही, अशा माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये यावं, असं धोरण झालं. धडधाकट माणसांना धाक बसावा हा हेतू. पण काळ गेला तसे तिथे उरले ते मुख्यतः म्हातारे आणि आजारी. त्यांच्यासाठी वर्कहाउसला जोडून रुग्णविभाग असायचे. अशाच एका रुग्णविभागाची जबाबदारी १९३५ मध्ये मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंकडे आली. लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय आहे, त्याच्या शेजारचा हा विभाग. रुग्ण ७१४. वॉरनबाईंनी केलं काय, तर एकेकाला पुन्हा तपासलं. याला झालंय काय, हा अंथरुणात का आहे, असे प्रश्न विचारले. त्यातून दिसलं की कित्येक जण पडून होते कारण त्यांना उठवून पाहिलंच नव्हतं. वृद्धवैद्यक ही शाखा ब्रिटनमध्ये उभी राहिली ती या फेरतपासणीतून. ही फेरतपासणी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

आता ते जवळचं कारण. ही शाखा प्रतिष्ठेची नव्हती. ब्रिटिश पदवीधर तिकडे फिरकत नसत. १९४८ नंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेत भारतीय उपखंडातून जे डॉक्टर गेले, त्यांतल्या अनेकांना मोठ्या शल्यचिकित्सेच्या किंवा हृदयरोगाच्या जागा मिळाल्या नाहीत, म्हाताऱ्यांचे वॉर्ड मिळाले. इतिहासकारांनी पुढे त्यांच्या मुलाखती घेऊन हा भाग नोंदवून ठेवला आहे. तेव्हा इंग्लंडमधल्या म्हाताऱ्यांच्या औषधोपचाराची गोष्ट काही प्रमाणात आपल्याकडच्या डॉक्टरांचीही आहे.

१९४८ मध्येच राष्ट्रीय साहाय्य कायदा आला. वय किंवा दुर्बलतेमुळे ज्यांना देखभालीची गरज आहे, त्यांना राहायला जागा देणं ही स्थानिक पालिकांची जबाबदारी ठरली. मंत्री अन्युरिन बेव्हन यांचं स्वप्न मोठं होतं. वर्कहाउस जाऊन छोटी, हॉटेलसारखी घरं येतील, म्हातारी माणसं तिथे पाहुण्यासारखी राहतील. प्रत्यक्षात काय झालं? पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड-वेल्समधल्या १७३ संस्थांना भेटी दिल्या आणि १९६२ मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक छापलं. पाट्या बदलल्या होत्या, इमारती मात्र पुष्कळ ठिकाणी वर्कहाउसच्याच होत्या.

इथे आपल्या विषयाचा मूळ पेच तयार होतो. घरात आपली औषधं आपल्याजवळ असतात, आपण ती आठवणीने घेतो किंवा विसरतो. रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका देते, डॉक्टर रोज फेरी मारतो. केअर होम या दोन्हींच्या मधलं. माणसाची औषधं त्याच्या हातातून काढून कपाटात कुलूपबंद झाली, म्हणजे घर संपलं. पण रोजचा डॉक्टर काही आला नाही, म्हणजे रुग्णालयही झालं नाही. डॉक्टर बाहेरचा, औषधविक्रेता बाहेरचा, आणि गोळी देणारी बाई बऱ्याचदा परिचारिकाही नसलेली. तिघांच्या मध्ये एक कागद.

हा पेच औषधं मोजकी होती तोवर फारसा बोचला नाही. पण १९५० च्या दशकात चित्र पालटलं. मनोविकारांवरचं क्लोरप्रोमझिन आलं, ब्रिटनमध्ये ते 'लार्गॅक्टिल' या नावाने ओळखलं जाई. पाठोपाठ रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, झोपेची, सांधेदुखीची औषधं आली. यांतल्या अनेकांनी माणसांचं आयुष्य खरोखर सुसह्य केलं, हे आधी मान्य करू. पण म्हाताऱ्या शरीराचा हिशेब वेगळा असतो. मूत्रपिंडं मंदावलेली असतात, औषध बाहेर पडायला वेळ लागतो, आजचा डोस उद्याच्या डोसावर साचत जातो.

याचा धडा ब्रिटनला महागात मिळाला. बेनॉक्सप्रोफेन हे सांधेदुखीचं औषध, 'ओप्रेन' या नावाने १९८० मध्ये बाजारात आलं. सांधेदुखी कोणाला? मुख्यतः म्हाताऱ्यांना. पण त्यांच्या शरीरात ते फार काळ रेंगाळतं आणि साचतं, हे पुरेसं लक्षात घेतलं गेलं नव्हतं. १९८२ मध्ये ते मागे घेतलं, तोवर ब्रिटनमध्ये साठाहून अधिक संशयित मृत्यूंची नोंद झाली होती. आता बघा, इथे गोळी देणाऱ्याचं काय चुकलं? काहीच नाही. योग्य माणसाला, योग्य वेळी, चिठ्ठीत लिहिली होती तितकीच दिली.

त्याच सुमारास केअर होमची संख्या झपाट्याने वाढत होती. खाजगी होममध्ये राहण्याचा खर्च सामाजिक सुरक्षेच्या पैशातून मिळू लागला. १९७९ मध्ये हा खर्च एक कोटी पौंडांच्या आसपास होता, दशक संपेपर्यंत तो शंभर कोटींच्या पुढे गेला. १९८४ मध्ये होमच्या नोंदणीचा कायदा आला, तपासणी आली. तपासणी आली की कागद येतो. औषधांचं कपाट, किल्ली कोणाकडे, गोळी दिल्याचा तक्ता, त्यावर सही. औषधविक्रेते महिन्याच्या गोळ्या वाराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे खणांत भरून पाठवू लागले. खण फोडायचा, गोळी द्यायची, खूण करायची.

या व्यवस्थेला नावं ठेवायची नाहीत. तिने एका प्रश्नाचं उत्तर चोख दिलं. गोळी दिली का? तक्ता बघा, दिली. पण खणांत सगळं मावत नाही. पातळ औषध, डोळ्यांचे थेंब, श्वासाचा पंप बाहेरच राहतात. महिन्याच्या मध्येच डॉक्टरने डोस बदलला तर भरलेले खण चुकीचे ठरतात. आणि एका खणात पाच पांढऱ्या गोळ्या असतील तर त्यांतली रक्तदाबाची कुठली, हे देणाऱ्या बाईला सांगता येईलच असं नाही. हाताला सवय झाली, डोळ्याला काम उरलं नाही.

मग २००९ साल उजाडलं. त्या वर्षी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि दोघांनी मिळून हा सगळा विषय उलटा करून दाखवला.

पहिला अभ्यास निक बार्बर आणि सहकाऱ्यांचा. वेस्ट यॉर्कशायर, केंब्रिजशायर आणि मध्य लंडनमधली ५५ केअर होम, २५६ रहिवासी. प्रत्येकाला सरासरी आठ औषधं. संशोधकांनी चिठ्ठी तपासली, खण तपासले, तक्ता तपासला, देतानाही पाहिलं. १७८ जणांच्या बाबतीत, म्हणजे दहांतल्या जवळजवळ सातांच्या बाबतीत, किमान एक चूक सापडली. आता बातमी ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं? होममधल्या बायका निष्काळजी. पण आकडे तसं म्हणत नाहीत. देण्यातली चूक २२ टक्के रहिवाशांबाबत होती, डॉक्टरच्या लिहिण्यातली ३९ टक्के रहिवाशांबाबत आणि दुकानातून भरून येण्यातली जवळजवळ ३७ टक्के. म्हणजे गोळी होमच्या दारात पोचायच्या आधीच पुष्कळ काही घडून गेलेलं असे.

याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. चुकीमुळे किती इजा होऊ शकते, हे त्यांनी शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजलं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे मृत्यू. देण्यातल्या चुकांची सरासरी २.१. सगळ्यांत वर कोण? देखरेखीतल्या चुका, ३.७. म्हणजे लघवी वाढवणारी गोळी वर्षानुवर्षं चालू आहे आणि रक्तातले क्षार तपासलेच नाहीत, अशा प्रकारच्या. यात कोणाचा हात चुकलेला दिसत नाही. तक्ता भरलेला, सह्या झालेल्या, आणि धोका मात्र सगळ्यांत मोठा. कारणंही त्यांनी दिली. डॉक्टर सहज मिळत नाहीत आणि रहिवाशांना ओळखत नाहीत, कर्मचाऱ्यांवर कामाचा भार आणि प्रशिक्षण अपुरं, औषधं देताना सतत अडथळे, निरोप तोंडी, नोंदी अपुऱ्या. आणि या सगळ्यावर मिळून लक्ष ठेवणारं कोणी नाही.

दुसरा अभ्यास मनोविकारतज्ज्ञ सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना अँटिसायकोटिक औषधं किती दिली जातात, हा प्रश्न. घरी आणि केअर होममध्ये मिळून वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार जणांना ती दिली जात होती, असा त्यांचा अंदाज. त्यांपैकी फायदा होईल असे फार तर ३६ हजार. आणि या औषधांमुळे वर्षाला जास्तीचे १,८०० मृत्यू.

मंडळी, इथे जरा थांबू. ही औषधं का दिली जात होती? आजोबा रात्री ओरडतात, बाई दारं वाजवत फिरतात, कर्मचारी दोनच आणि सांभाळायचे तीस जण. गोळी दिली की शांतता होते. पण ती माणसाची शांतता की वॉर्डाची? ओरडणाऱ्याला कदाचित दात दुखत असेल, बद्धकोष्ठ असेल, लघवीचा संसर्ग असेल, किंवा नुसती भीती वाटत असेल. हे शोधायला माणूस आणि वेळ लागतो. जिथे माणूस आणि वेळ नव्हता, तिथे गोळी आली. आणि एकदा आलेली गोळी बंद करणं कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

आशेची गोष्ट अशी की मोजल्यावर फरक पडला. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय पाहणीत स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्यांपैकी ही औषधं मिळणाऱ्यांचं प्रमाण २००६ मध्ये सुमारे १७ टक्के होतं, ते २०११ मध्ये ७ टक्क्यांच्या आसपास आलं. नवं औषध निघालं नव्हतं. 'का चालू आहे?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला होता.

पुढे मार्च २०१४ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स, म्हणजे 'नाइस' या संस्थेने केअर होममधल्या औषधांसाठी मार्गदर्शिका काढली. वर्षातून एकदा तरी प्रत्येकाच्या औषधांचा फेरविचार व्हावा, आणि त्यात रहिवाशाला स्वतःला सामील करून घ्यावं, असं त्यात आहे. परिचारिका पाच गोष्टी घोकत आल्या आहेत : योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मार्ग, योग्य मात्रा, योग्य वेळ. मार्गदर्शिकेत यांच्या जोडीला सहावी आहे, रहिवाशाचा नाही म्हणण्याचा हक्क. चहात किंवा खिमटीत गोळी लपवून देणं आपल्याला मायेचं वाटतं. तिथे मात्र ज्याला निर्णय समजतो त्याला असं लपवून द्यायचंच नाही. आणि ज्याला समजत नाही त्याच्या बाबतीतही, २००५ च्या कायद्याला धरून, डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि नातेवाईक मिळून ते त्याच्या हिताचं आहे का हे ठरवतात आणि लिहून ठेवतात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशी त्यात तरतूद आहे. खाटांचा आकडा कायद्यात आला. गोळीचं काय? आपल्याकडची गोळी कशी येते ते आठवा. दुकानदार पट्टी कात्रीने कापून सहा गोळ्या देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्या. हृदयाच्या डॉक्टरने एका कंपनीचं नाव लिहिलं, गुडघ्याच्या डॉक्टरने दुसऱ्या, आणि आतलं औषध कधी कधी एकच असतं. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला कागद मुलाच्या फोनमध्ये फोटो म्हणून असतो, मुलगा परगावी, आणि वृद्धाश्रमातल्या मावशींकडे एक प्लास्टिकचा डबा.

त्या मावशींना दोष देणं सोपं आहे. इंग्लंडनेही आधी तेच केलं. इतका खर्च करून, इतकी माणसं गमावून त्यांना जे कळलं, ते आपल्याला एका कागदाच्या किमतीत घेता येईल. आपले आई-वडील, काका-मावशी जिथे असतील तिथे एक यादी हवी. औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, हे तर हवंच. पण त्यापुढे आणखी तीन रकाने हवेत : कशासाठी, कोणी सुरू केलं, पुन्हा कधी तपासायचं. ती यादी घेऊन वर्षातून एकदा तरी डॉक्टरांसमोर बसायचं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचं, ही अजून हवी का? मनाने काही बंद करायचं नाही, तेही धोक्याचंच. पण विचारायचं नक्की, आणि जिच्या हातावर ती गोळी रोज पडते त्या आजींना शेजारी बसवूनच विचारायचं.

मार्जरी वॉरन यांनी १९३५ मध्ये ७१४ जणांच्या बाबतीत हेच केलं होतं. आता आपण प्रश्नांकडे वळू.