दीक्षाभूमीवरील मेळावा, नागपूर
धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त अशोक विजयादशमीला भरणारा आंबेडकरी जनतेचा वार्षिक मेळावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. वंदनेइतकीच गर्दी भीमगीतांना आणि पुस्तकांच्या स्टॉलवर असते. धम्मस्वीकाराच्या वेळी आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या स्वस्त पुस्तिकांपासून आत्मकथनांपर्यंत सारे तेथे मिळते. आंबेडकरी चळवळीचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी जुने नाते आहे. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती आंबेडकरांनी १९४६ मध्ये विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्याकडे पत्राने मागितल्या होत्या. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर संघटनेने तेथील ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेतले. साहित्याच्या आघाडीवर नागपूरचेच गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.