बिऱ्हाडाखालची घोडी

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण पाहिले, रतनगडाला खालूनच हात जोडले (चढण्याचे आमचे वय नव्हे!) आणि परतताना राजूरच्या अलीकडे धनगरांचा वाडा कोकणाकडे निघालेला भेटला. एका पंचकल्याणी घोडीच्या पाठीवर अख्खे बिऱ्हाड होते: वाघूर, भांडी, दोन कोंबड्या आणि वर निवांत बसलेले एक पोर.

नातवाने विचारले, "आजोबा, महाराजांच्या मावळ्यांचे घोडे असेच होते?"

"छे रे! हे तर तट्टू!" मी म्हणालो. ते उत्तर मला मागे घ्यावे लागले, त्याची ही हकीकत.

चौल-दाभोळ बंदरांत उतरलेले अरबी घोडे आणि दख्खनची काटक घोडी यांच्या संकरातून भीमेच्या थडीला जे जनावर तयार झाले, ते भीमथडी. ठेंगणे, पण घाटात न अडखळणारे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घेऊन येई. १७५८ साली मराठे अटकेपर्यंत गेले ते घोड्यांच्याच पाठीवर. १८१८ साली पेशवाई बुडाली, पागा ओस पडल्या. नव्या सरकारच्या लष्कराला उंच घोडा हवा होता. भीमथडी संपला, असे पुस्तकांत आले आणि आम्हीही तेच धरून चाललो.

तो संपला नव्हता. तो धनगराच्या ओझ्याखाली चालत होता.

पण हे सिद्ध कसे करायचे? शर्यतीच्या घोड्याची वंशावळ छापलेली असते, तीन मूळ नरांपर्यंत पोहोचणारी. धनगराच्या घोडीजवळ कसला कागद? तिचा कागद तिच्या रक्तात. रक्ताचे चार थेंब किंवा आयाळीचे मुळासकट उपटलेले केस पुरतात. जनुकांच्या लांबलचक लिपीत काही ठिकाणी तीच अक्षरे पुन्हापुन्हा येतात. किती वेळा, हे प्रत्येक घोड्यागणिक बदलते, आणि निम्मे आईकडून, निम्मे बापाकडून येते. अशी पुष्कळ जनावरे ताडून पाहिली की पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढलेल्या कळपाची वेगळी ठेवण उमटते. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ साली भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी वगैरे सातांच्या पंक्तीत हा आठवा.

इथे उत्साहाला थोडा लगाम हवा. शिवकालीन पागेतला एखादा केस काही कोणी जपून ठेवलेला नाही. तेव्हा ती पंचकल्याणी अमक्या शिलेदाराच्या घोडीची नात, असे तपासणी सांगत नाही. ती एवढेच सांगते की हे जनावर कोणाचे उरलेसुरले मिश्रण नव्हे. माझ्या 'तट्टू'ला तेवढे उत्तर पुरे आहे. नातवाला मी पत्राने तसे कळवलेही.

त्याचे उलट पत्र आले: धनगर आता बिऱ्हाड टेंपोत घालू लागले, मग त्या घोडीला दाणा कोण घालणार?