सुरत-भावनगर : सरळ वाट आणि वळसा

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. आज त्याच शहरासंबंधी एका साध्या, भूगोलाच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. सुरतेहून भावनगर किती दूर?

नकाशावर पट्टी ठेवली, तर दोन्ही गावांच्या विमानतळांमधील अंतर सुमारे ९० किलोमीटर भरते. मोटारीने निघणाऱ्यास मात्र नर्मदा, मही आणि साबरमती ओलांडून सुमारे ३७० किलोमीटरांचा वळसा पडतो. कारण मध्ये खंबायतचे आखात आहे.

हे आखात मोठे अवखळ. तेथे भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक दहा मीटरांच्या घरात जातो. तरीही आपल्या पूर्वजांना ते पाणी भिंतीसारखे वाटले नाही. तीच त्यांची वाट होती. पश्चिम काठावरील घोघा बंदराचे खलाशी नामांकित होते. पूर्वेस तापीच्या मुखाजवळ सुवाळी. नदीतील गाळामुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत; ती सुवाळीस नांगर टाकीत. येथेच १६१२ साली इंग्रजांची आणि पोर्तुगीजांची आरमारी लढाई जुंपली, आणि १६१५ साली जहांगीर बादशहाच्या दरबारी निघालेला इंग्रज वकील सर टॉमस रो येथेच उतरला.

पुढे आगगाडी आली. १८६४ साली मुंबई आणि सुरत लोहमार्गाने जोडली गेली, १८८० साली भावनगरलाही रेल्वे पोचली. पण रूळ आखाताला वळसा घालूनच जाणार! गलबतांचे दिवस सरले, तशी समोरासमोरची ही दोन गावे एकमेकांना दुरावली.

या दुराव्याची झळ कोणाला लागली? सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यांतून सौराष्ट्रातील असंख्य कारागीर पैलू पाडतात. दिवाळीत कारखाने बंद झाले की ते गावाकडे धाव घेतात. मोजक्या सुटीतील जाण्यायेण्याचे दोन दिवस रस्त्यातच गेले, तर म्हाताऱ्या आईबापांच्या वाट्याला काय उरणार?

२०१४ साली सुरतेच्या काही हिरे व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन नऊ आसनांच्या विमानांची सेवा काढली. आखात अर्ध्या तासात ओलांडता येऊ लागले; पण एका खेपेस माणसे अवघी नऊ. पुढे ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा-घोघा नौकासेवेचे उद्घाटन झाले. माणसे, मोटारी आणि मालाने भरलेले ट्रकही एकाच बोटीत जाऊ लागले. दहा-बारा तासांचा प्रवास सुमारे चार तासांवर आला. विमानाहून बोट कितीतरी सावकाश. पण ट्रक हाकणाऱ्याचे आणि लेकुरवाळ्या कुटुंबाचे अंतर खरोखर तिनेच कमी केले.

हजिरा हे सुवाळीच्या शेजारचेच गाव. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या खलाशांना जी वाट ठाऊक होती, तीच आपल्याला पुन्हा सापडली आहे. प्रवासाची नवी साधने शोधताना जुन्या वाटांचाही नकाशा जवळ असू द्यावा, हे बरे.