कीटो आहार म्हणजे ताटात नेमके काय? आर्णीच्या स्वयंपाकघरातला हिशोब

यवतमाळ जिल्ह्यातला आर्णी तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. इथल्या रोजच्या ताटात भाकरी किंवा पोळी, तुरीचे वरण, भात आणि भाजी. अशा घरात कुणी ‘कीटो’ सुरू करतो, तेव्हा सगळे तुपाबद्दल विचारतात. खरा प्रश्न भाकरीचा असतो.

कीटो आहारात दिवसभरात कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅम ठेवतात आणि सुमारे ७० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घेतात. कर्बोदके इतकी कमी झाली की काही दिवसांत यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागते आणि मेंदूही ते इंधन म्हणून वापरतो. वजन घटवणे हा याचा मूळ हेतू नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी हा आहार अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फिटसाठी तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

आता हिशोब. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली की ४० ग्रॅम झाले. दिवसाचा वाटा जवळपास संपला. ‘ज्वारी शुगरला चांगली’ हे इथे कामाचे नाही. वरण आपण प्रथिनांसाठी खातो, पण तूरडाळीचा निम्म्याच्या आसपास भाग कर्बोदकांचाच. बेसनाचेही तेच, म्हणजे झुणका आणि पाटवडीही मोजूनच. अंबाडी, मेथी, वांगी, दोडका, कोबी चालतात, आलू नाही. संक्रांतीला तीळ चालतो, गूळ नाही.

दुसरी बाजू त्याहून अवघड. २००० कॅलरींच्या ७० टक्के म्हणजे सुमारे १५५ ग्रॅम स्निग्धांश. चार अंडी, १०० ग्रॅम पनीर आणि मूठभर शेंगदाणे मिळूनही तो जेमतेम ५० ग्रॅम भरतो. उरलेला तेल, तूप, खोबरे, तीळ, जवसातून आणायचा, तोही रोज. शाकाहारी माणसाला इथेच कंटाळा येतो, आणि खर्चही वाढतो.

म्हणून प्रत्यक्षात घडतो तो ‘अर्धा कीटो’: तूप वाढते आणि भाकऱ्या तीनच्या दोन होतात. कर्बोदके ८० ग्रॅमवर राहतात, कीटोन फारसे बनत नाहीत आणि तुपाच्या कॅलरी वर. यापेक्षा नेहमीचे जेवण बरे.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, पण त्यात बराच भाग पाण्याचा. पाण्याबरोबर मीठही जाते; त्यामुळे डोके दुखते, पायात गोळे येतात. बद्धकोष्ठता नेहमीची. काहींचे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल चांगलेच वाढते.

मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र हा प्रयोग परस्पर करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना भाकरी बंद केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबरोबर रक्तात आम्ल साठू शकते, आणि ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली नसल्याने ते लक्षात येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठावा आणि कोणती गोळी चालू आहे, जेवणात काय बदलले, हे आधी सांगावे.