कोपऱ्यातलं औषध

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात ‘औषध’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. ताप आला की घेतो ते औषध. द्राक्षबागेवर ब्लोअरनं मारतो तेही औषध. आणि रात्री-बेरात्री फोन येतो, ‘अरे, त्यानं औषध घेतलं’, तेव्हा यातलं कुठलं, हे कुणालाच विचारावं लागत नाही. फोन ठेवून माणसं थेट गाडीची किल्ली शोधायला लागतात.

मी नाशकात सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरची बाग निफाड तालुक्यात. संध्याकाळी अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल असतो आणि तिकडे गोळीबार झाला, की कॉलच्या सुरुवातीची पाच मिनिटं त्यावर जातात. एक जण म्हणतो बंदुका आवरा, दुसरा म्हणतो वेड्यांना आवरा. हा वाद ऐकून मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आमच्या ओसरीवरच्या कोपऱ्यात येऊन पोचलो.

संशोधन दुसऱ्या माणसाच्या बाजूनं नाही. मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कधीच कुणावर हात उचलत नाहीत. उलट तेच मार खाण्याची शक्यता जास्त. आणि अमेरिकेत बंदूक सगळ्यात जास्त कुणाला मारते, तर जिच्या घरात ती असते त्या घरातल्या माणसाला. २०२१ साली तिथे ४८,८३० माणसं गोळीनं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. बातमी मात्र शाळेतल्या गोळीबाराची होते.

आपल्याकडे बंदुका घरोघरी नाहीत. याचं श्रेय कुणाच्या शहाणपणाला जात नाही. लॉर्ड लिटननं १८७८ साली शस्त्रबंदीचा कायदा आणला तो आपल्या भीतीनं, आपल्या काळजीनं नव्हे. (नाशिक आणि पिस्तूल म्हटलं की अजूनही १९०९ सालचं विजयानंद थिएटर आणि कलेक्टर जॅक्सनच आठवतो. एवढ्या दुर्मिळ वस्तूची एवढी मोठी आठवण.) स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला, त्यातही मनोरुग्णाला परवाना नाकारण्याची तरतूद आहे. म्हणजे जी वस्तू शेतकऱ्याच्या घरात जवळपास नसतेच, तिच्यासाठी मनाची तपासणी आहे. जी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असते ती बिलावर मिळते.

घरात काय असतं यानं एवढा फरक पडतो का? ‘ज्याला मरायचं तो मरणारच’ असं आपण सहज म्हणतो. हे वाक्य किती चुकीचं आहे हे इंग्लंडात अपघातानंच कळलं. तिथे स्वयंपाकाला कोळशापासून केलेला विषारी गॅस यायचा आणि १९६३ साली चाळीस टक्क्यांहून जास्त आत्महत्या त्याच गॅसनं होत होत्या. पुढे बिनविषारी गॅस आला, तोही स्वस्त पडतो म्हणून. १९६३ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ५,७१४ आत्महत्या झाल्या होत्या, १९७५ मध्ये ३,६९३. बेकारी वाढत असताना आकडा उतरला. एक वाट बंद झाली म्हणून सगळी माणसं दुसऱ्या वाटेला लागली नाहीत. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात, वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितलं की विचार मनात येणं आणि प्रत्यक्ष कृती यांत दहा मिनिटंही गेली नव्हती. आणि प्रयत्नातून जे वाचतात त्यांच्यातले दहापैकी नऊ पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. आपण ज्याला निर्धार समजतो तो बऱ्याचदा एका वाईट रात्रीचा ताव असतो. ती रात्र टळली की माणूस सकाळी कांद्याचा भाव विचारतो.

आपल्या सरकारांनी मात्र दीडशे वर्षं या माणसाकडे आरोपी म्हणूनच पाहिलं. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३०९ : आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. या कलमाला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला आणि ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुंबई पोलिस दलातला एक शिपाई. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागला, त्यानंतर मानसिक आजार जडला. १९८५ साली बायकोच्या भाजीच्या दुकानाच्या परवान्यासाठी तो महापालिका आयुक्तांकडे गेला, भेट मिळाली नाही, आणि त्यानं तिथेच जीव द्यायचा प्रयत्न केला. लोकांनी वाचवलं, पोलिसांनी ३०९ लावलं. निकालाला त्याचंच नाव आहे, पण ते इथे लिहावंसं वाटत नाही. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला दवाखाना हवा, तुरुंग नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच १९८६च्या मार्चमध्ये यवतमाळच्या चिलगव्हाणचं एक अख्खं शेतकरी कुटुंब गेलं होतं. आज १९ मार्चला लोक त्यांच्यासाठी उपवास धरतात.

पुढचा प्रवास आपल्या पद्धतीनं झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली कलम रद्द केलं, १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानं परत जिवंत केलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. २०२४ साली न्यायसंहिता आली आणि ३०९ गेलं. पण कलम २२६ आलं : सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखायला किंवा एखादी गोष्ट करायला भाग पाडायला आत्महत्येचा प्रयत्न केला तर पुन्हा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवा. आयुक्तांच्या दारातला तो शिपाई आज असता, तर त्याच्यावर नेमकं हेच कलम लावता आलं असतं.

कायद्याचा हा खेळ चालू असताना शेजारी श्रीलंकेत वेगळंच घडलं. १९९५ साली तिथे लाखामागे ४७ आत्महत्या व्हायच्या, जगातल्या सर्वाधिक दरांपैकी एक. त्यांनी सर्वात विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढली. पुढच्या वीस वर्षांत दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. भाताचं उत्पन्न घटलं नाही, हेही तपासून झालं. मग तिथेच दुसरा प्रयोग झाला, १८० गावांत : औषधं ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या. त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

हे वाचून मला अण्णांचं उत्तर आठवलं. आमच्या ओसरीवर कांद्याच्या गोण्यांशेजारी बाटल्या असतात. मी कुलपाचं म्हणालो तर ते म्हणाले, “छाटणीनंतर दिवसाआड फवारणी. रोज किल्ली कोण सांभाळणार? आणि किल्ली सांभाळणारा घरातलाच ना?” लॅन्सेटमधला निबंध अण्णांनी दोन वाक्यांत संपवला होता.

माझ्या धंद्यात एक साधा नियम आहे. वापरणाऱ्यानं रोज काळजी घ्यावी यावर सिस्टीम उभी करायची नाही. धोका मुळातच काढायचा. आणि नाशिकला हे नवीनही नाही. निर्यातीच्या द्राक्षासाठी २००६पासून ग्रेपनेट आहे. प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची वही, पीएचआयचे दिवस, प्रयोगशाळेत अंशाची तपासणी. कुठलं औषध चालेल याची यादी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते आणि बागायतदार ती पाळतो, कारण माल परत आला तर वर्ष जातं. युरोपात द्राक्ष खाणाऱ्याच्या पोटात काय जाईल याचा हिशेब एवढ्या बारकाईनं होतो. तीच बाटली ज्या घरात राहते त्या घराच्या नावानं अशी यादी नाही. केंद्रानं २०१८मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदी आणली, २०२०मध्ये आणखी सत्तावीसचा मसुदा काढला आणि २०२३मध्ये त्यातल्या तिघांवर पूर्ण बंदी घालून बाकीच्यांपैकी काहींचाच पिकांपुरता वापर कमी केला.

माणसांशी बोलण्याचं कामही हवंच. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच साध्या लोकांना शिकवून नैराश्याबद्दल बोलतं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मराठीतही बोलतो, फुकट आहे, रात्रीही चालू असतो. मी तो घरच्या फ्रिजवर चिकटवलाय. अण्णांनी विचारलं, हा कुणाचा? सांगितलं. “असू दे,” म्हणाले.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. त्याच वर्षी केंद्राचं पहिलं आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं. २०३०पर्यंत दहा टक्के घट, असं त्यात म्हटलंय आणि कीटकनाशकांचा उल्लेखही आहे. जिल्ह्यात मात्र शेतकरी गेला की प्रकरण कलेक्टरांच्या समितीपुढे जातं. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज किती, वसुलीचा तगादा होता का, हे बघून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं. पात्र असेल तर एक लाख : तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. बाटली कुठली होती, ती कुठे ठेवलेली होती आणि त्याआधीचे काही आठवडे तो माणूस झोपत होता का, यावर ही पात्रता ठरत नाही.